संकटांच्या काळात आर्ट्स कशाला?

‘आर्ट्सला जाऊन पुढे काय?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला नातेवाइकांनी निदान एकदा तरी विचारला असेल. अलीकडे त्याला नवी धार आली आहे. साथी, युद्धे, बिघडलेले ऋतुमान अशा संकटांनी जग ग्रासले असता देशाला डॉक्टर हवेत, तंत्रज्ञ हवेत. सनावळ्या घोकणारे कशाला, असे उघड बोलले जाते. प्रश्न उद्धट असला तरी टाळण्यासारखा नाही.

१८९७ सालच्या पुण्याकडे पाहा. आदल्या वर्षी मुंबईत आलेला प्लेग तेथे पसरला होता. शास्त्र स्वस्थ बसले नव्हते. हाफकिन यांनी जानेवारीत मुंबईत लस तयार करून ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. सरकारही स्वस्थ नव्हते. साथीच्या रोगांचा कायदा झाला, प्लेग कमिटी नेमली गेली, गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी शोधू लागले. ज्यांच्या घरात शिरायचे त्या माणसांची लाज, त्यांचे देवघर, त्यांची भीती समजून घेण्याची गरज मात्र कारभाराला वाटली नाही. लोक रोगी लपवू लागले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्चला गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, असे सांगतात. सोजिरांनाही रोगी दवाखान्यातच न्यायचे होते!

मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा महाराष्ट्रात लागू झाला तो हाच १८९७ चा कायदा. कायदा लक्षात राहिला, त्याची कहाणी राहिली नाही. टाळेबंदी होताच मजूर शेकडो मैल पायी निघाले आणि सारे चकित झाले. वास्तविक प्लेगच्या भीतीने मुंबईचे मजूर गावाकडे कसे पळाले होते, एवढे वाचलेले असते तरी आधी सोय करणे सुचले असते. त्यासाठी विषाणुशास्त्र लागत नाही.

त्या वर्षी १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांचे शिक्षण विस्कळीत झाले. आपले तास मोबाईलवर आले, आणि तेव्हापासून ‘उद्याचे शिक्षण पडद्यावरच’ अशी भाकिते सुरू झाली. घरातला एकुलता एक मोबाईल सकाळी वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर ते उद्याचे शिक्षण कोणाचे?

पैसा नाही, ही दुसरी सबब. पहिले महायुद्ध चालू असताना १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. उलट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करावे, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस १९६८, १९८६ आणि २०२० च्या धोरणांत पुन्हा पुन्हा लिहिली गेली. प्रत्येक धोरणात ती नव्याने लिहावी लागते, यातच सारे आले.

मात्र आपण कलाशाखेवाले आज ज्या रीतीने शिकतो, त्या रीतीने नातेवाइकांचाच मुद्दा खरा ठरेल. प्लेग आपल्याला भेटतो तो चापेकर बंधूंच्या प्रकरणापुरता, तोही गाइडातून. अर्थशास्त्राच्या तासाला मजुरांचे पलायन येत नाही, मानसशास्त्राच्या तासाला अफवा येत नाही. पुढील वर्षी तिन्ही विभागांनी मिळून एक काम घ्यावे, अशी सूचना आहे. प्रत्येकाने आपल्या गावात २०२० मध्ये काय घडले ते लिहून आणावे. शाळा कोणाची सुटली, कोणत्या मुलीचे लग्न उरकून टाकले, बाहेरून आलेल्यांना वेशीवर कोणी अडवले आणि भाकरी कोणी दिली. नावे गाळावीत, पण तारखा गाळू नयेत. त्या वह्या ग्रंथालयात ठेवाव्यात. त्याला गुण किती द्यायचे ते प्राध्यापकांनी ठरवावे. पण काम या सुट्टीतच सुरू व्हावे, कारण लोक आताच विसरू लागले आहेत.