‘ही’ म्हणजे नेमका कोण?



इंग्रजीतली सर्वनामं शिकवायला घेतली की दरवर्षी माझ्या वर्गात हशा पिकतो. ‘ही’ म्हणजे तो आणि ‘शी’ म्हणजे ती! ‘‘बाई, ही तर मुलगी असते ना?’’ असं कुणीतरी विचारतंच, आणि ‘शी’ म्हटलं की मागच्या बाकावरचे नाक दाबून बसतात. पण या एवढ्याशा ‘ही’मुळे एकदा माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. तीच गोष्ट आज सांगते. नावं मात्र बदलली आहेत हं!

मधल्या सुट्टीत दोघांची मारामारी झाली. मी वर्गात आले, तर बंडूचं कोपर खरचटलेलं आणि राजू खाली मान घालून उभा. मी मॉनिटरला म्हटलं, ‘‘काय झालं ते फळ्यावर इंग्रजीत लिही बघू.’’ तेवढाच सराव! त्यानं ऐटीत लिहिलं :

‘राजू हिट बंडू. ही टोअर हिज नोटबुक.’

स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर. मी खूश! राजूनं बंडूला मारलं आणि वर त्याची वहीसुद्धा फाडली, असा अर्थ मी लावला. राजूला चांगलं रागावले आणि तास संपेपर्यंत उभं केलं. तो एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी गृहपाठ तपासताना एक वही हातात आली. फाटलेली पानं खळ लावून चिकटवलेली. वरचं नाव वाचलं, तर राजूचं! म्हणजे वही राजूची होती आणि ती फाडली होती बंडूनं. म्हणून तर राजूनं त्याला मारलं होतं.

‘‘अरे, मग काल बोलला का नाहीस?’’

‘‘बाई, तुम्ही विचारलंच नाहीत.’’

मारणं चूकच, ते मी त्याला सांगितलं. पण न केलेल्या गोष्टीसाठी तो उभा राहिला होता. सगळ्या वर्गासमोर मी त्याची माफी मागितली.

आता फळ्यावरचं वाक्य पुन्हा वाचा. ‘ही’ म्हणजे राजू की बंडू? ‘हिज’ म्हणजे कुणाची? दोन्ही अर्थ निघतात. सर्वनाम नामाऐवजी येतं, हे तुम्हाला पाठच आहे. पण कोणत्या नामाऐवजी आलं, हे वाचणाऱ्याला कळलं नाही तर काय उपयोग?

मराठीतही ‘त्यानं त्याची वही फाडली’ म्हटलं की घोटाळा होतो. पण मराठी बऱ्याचदा आपल्याला सांभाळून घेते. ‘बरणी काचेच्या टेबलावर पडली आणि ती फुटली’ म्हटलं, की फुटली बरणी. ‘ते फुटलं’ म्हटलं, तर फुटलं टेबल. लिंगावरून लगेच समजतं. इंग्रजीत मात्र, ‘द जार फेल ऑन द ग्लास टेबल अँड इट ब्रोक.’ बरणीलाही ‘इट’ आणि टेबलालाही ‘इट’! आता बोलणी कशाबद्दल खायची?

आणखी एक गंमत. ‘राजूनं बंडूला आपली वही दिली’ यातल्या ‘आपली’वरून वही राजूची, हे कळतं. ‘राजू गेव्ह बंडू हिज नोटबुक’ म्हटलं, तर राजूनं स्वतःची वही दिली की बंडूची त्याला परत केली? ‘हिज’ काही सांगत नाही.

मग करायचं काय? लिहून झालं की प्रत्येक सर्वनामावर पेन्सिल ठेवा आणि ते ज्या नामासाठी आलंय तिथपर्यंत बाण काढा. बाण एकाच ठिकाणी गेला, तर ठीक. दोन ठिकाणी जाऊ शकत असेल, तर वाक्य दुरुस्त करा. त्याचे तीन उपाय :

१. सरळ नाव पुन्हा लिहा. ‘बंडू टोअर राजूज नोटबुक.’ आम्ही शिक्षक ‘नामाऐवजी सर्वनाम घाला’ असे प्रश्न देतो, त्यामुळे नाव पुन्हा लिहिणं तुम्हाला चूक वाटतं. ती चूक नाही.

२. जे आधी घडलं ते आधी सांगा. ‘बंडू टोअर राजूज नोटबुक, सो राजू हिट हिम.’ इथे ‘हिम’ म्हणजे बंडूच. राजूनं स्वतःलाच मारलं असतं, तर ‘हिमसेल्फ’ आलं असतं.

३. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्या. ‘राजू टोल्ड बंडू दॅट ही हॅड पास्ड.’ पास कोण झालं? त्याऐवजी लिहा : राजू सेड टू बंडू, ‘‘यू हॅव पास्ड.’’ आता पेढे बंडूकडे मागायचे!

आणि हो, सर्वनामांना घाबरू नका. ‘राजू मेट मीना. शी वॉज क्राइंग.’ इथे बाण एकीकडेच जातो ना?

आता तुमची पाळी. या वाक्यांत बाण काढा आणि अर्थ स्पष्ट होईल अशी ती पुन्हा लिहा :

१. मीना टोल्ड सुमन दॅट हर मदर वॉज ॲट द गेट.

२. पुट द मँगोज इन द बास्केट्स आफ्टर यू वॉश देम.

उत्तरं पुढच्या अंकात. तोवर वहीत लिहून ठेवा आणि ती वही कुणाची, ते वर ठळक अक्षरांत लिहायला विसरू नका!

तुमच्या बाई