पिशवी काढण्यापूर्वी

एखादी आई संध्याकाळी आमच्याकडे येते, बराच वेळ इकडचे तिकडचे बोलते आणि उठता उठता हळूच विचारते, "फादर, डॉक्टरांनी पोरीला पाळीसाठी कुटुंबनियोजनाच्या गोळ्या दिल्यात. पाप तर लागणार नाही ना?" मुलीची पाळी चार-चार महिने येत नाही, चेहऱ्यावर लव वाढली आहे. दुखण्याचे नाव ‘पीसीओएस’. गोळ्यांचे पाकीट मात्र न उघडताच पडून आहे.

या प्रश्नाचे उत्तर आम्ही धर्मगुरूंनीच पूर्वी द्यावयास हवे होते. 1968 साली पोप सहावे पॉल यांनी ज्या ‘हुमाने विते’ परिपत्रकात कृत्रिम संततिनियमनाला नकार दिला, त्याच्याच 15व्या परिच्छेदात रोगनिवारक उपचारांना मोकळीक दिली आहे. त्यामुळे गर्भधारणेला अडथळा येणार हे आधी दिसत असले, तरी तो अडथळा हा हेतू नसावा, एवढीच अट. मग ज्या पापाचे भय आहे, ते आहे कोठे?

खरे भय आहे ते मौनाचे. त्याची किंमत आमच्या बीड जिल्ह्याने मोजली आहे. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक! या साऱ्यांना पीसीओएस होता असे नव्हे. कोणाला अंगावरून जात होते, कोणाला कर्करोगाची भीती घातली गेली, कोणाला फडावरचा खाडा परवडत नव्हता. परंतु गोळ्यांनी, औषधांनी भागेल का, हा प्रश्न कितीजणींना विचारता आला?

पीसीओएस पिशवी काढून बरा होत नाही; तो अंडाशयाच्या व संप्रेरकांच्या बिघाडाचा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातील शंभरांत दहा ते तेरा स्त्रियांना तो असतो. आहार, व्यायाम आणि वजन हा पहिला उपाय. पाळी नियमित करण्यासाठी संयुक्त गोळ्या, किंवा त्या चालत नसतील तर ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन. साखरेच्या तक्रारीसाठी मेटफॉर्मिन. अपत्य हवे असल्यास लेट्रोझोल. पाळी महिनोन्‌महिने चुकू देणेही धोक्याचे, कारण पिशवीचे अस्तर जाड होत जाते.

तेव्हा डॉक्टरांपुढे बसून विचारा : ही गोळी कशासाठी? किती दिवस? रक्तदाब, अर्धशिशी किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास असेल, तर चालेल का? दुसरा मार्ग कोणता? कोणी म्हणतील, डॉक्टरांना उलट विचारणे हा उद्धटपणा आहे. आम्ही म्हणतो, न विचारता सही करणे हा स्वतःच्या देहाशी केलेला अन्याय आहे. आणि वडिलांनो, ही ‘बायकांची बाब’ म्हणून दाराबाहेर उभे राहू नका.

शुभवर्तमानातील ती स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली होती. वैद्यांपायी सारे धन घालवूनही तिचे दुखणे वाढलेच होते. येशूने तिला गुपचूप बरे होऊन जाऊ दिले नाही. भर गर्दीत बोलते केले. आपल्या लेकींना आपण गप्प का बसवावे?