घर, चौथरा आणि वाट

तृतीय वर्षाच्या वर्गात श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ शिकवीत असताना मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, खोतांचा वाडा आज विकायला काढला तर किती येतील?” वर्ग हसला, मीही हसले. परंतु तो प्रश्न पुढे दिवसभर माझ्या मागे लागला. त्याच आठवड्यात मी आणि माझे यजमान एका घराचा सातबारा हातात घेऊन तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसून आलो होतो.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. मूळचे घाटावरचे, आणि गेली चौदा वर्षे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका किनारी गावात भाड्याने राहणारे. मी कायम नेमणुकीवर, तर यजमान तासिका तत्त्वावर. ज्या घरात राहत होतो तेथे मालकांना पर्यटकांसाठी निवासाची सोय करायची होती. त्यांनी सौजन्याने, पण निश्चित शब्दांत, दोन महिन्यांत घर मोकळे करावयास सांगितले. त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. आमच्या महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम त्यांना मे महिन्यात चार रात्रींत मिळणार होती. अशा रीतीने चाळिशी ओलांडल्यावर आम्ही या किनाऱ्यावर घर विकत घ्यायला निघालो. त्या वर्षभरात जे दिसले त्यावरून माझे असे मत झाले आहे की, कोकणाविषयीचे मराठी साहित्य आपण अर्धेच वाचले. त्यातले निसर्गचित्र घेतले आणि वाटणीचे दुखणे सोडून दिले. आजचा घरबाजार नेमका त्या उचललेल्या अर्ध्यावर उभा आहे.

जे घर आम्हांला आवडले ते जांभ्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे होते. पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे पडक्या गोठ्याची जागा आणि परड्यात सात-आठ माड. मध्यस्थाने त्याचे वर्णन ‘समुद्राचे दर्शन असलेले पारंपरिक कोकणी घर’ असे केले होते. प्रत्यक्षात समुद्र दिसण्यासाठी पडवीच्या उत्तर टोकाला जाऊन मान वळवावी लागे, पण किमतीत त्या मान वळवण्याचाही हिशेब धरलेला होता. सातबाऱ्यावर सतरा नावे होती. त्यांपैकी घरात राहणारे एकच, सत्तरीतले आजोबा. बाकी मुंबई, ठाणे, बडोदे येथे, आणि दोन नावे अशा माणसांची, जी हयात आहेत की नाहीत हे कुणालाच सांगता येत नव्हते.

कोकणात ही गोष्ट अपवादाची नाही. मुंबईत गेलेल्या माणसाने गावच्या घराची वाटणी क्वचितच कागदावर आणली. तोंडी वाटण्या झाल्या, खोल्या वाटल्या गेल्या, माडही मोजून वाटले गेले, पण उताऱ्यावर सारे सामाईकच राहिले. ग्रामपंचायतीची घरपट्टी एकाच्या नावे असते आणि पुष्कळांना तोच मालकीचा पुरावा वाटतो. तो कर आकारणीचा उतारा असतो, मालकीचा नव्हे. मग विक्रीची वेळ आली की हक्कसोडपत्रे गोळा करण्याचा हंगाम सुरू होतो. त्यात सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात सह्या मिळतात त्या बहिणींच्या. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. परंतु आमच्या समोर ज्या चार आत्यांची हक्कसोडपत्रे ठेवण्यात आली, त्यांतल्या एकीनेही मोबदला घेतलेला नव्हता. “त्यांका माहेर होया, हिस्सो नको,” असे आजोबा सहजपणे म्हणाले. माहेर आणि हिस्सा यांतले एकच निवडायचे, हा नियम कोणत्या कायद्यात आहे, हे विचारण्याचे धैर्य मला त्या पडवीत झाले नाही. हे मी येथे कबूल करते.

पुढचा अडथळा बँकेचा. बँकेला निर्वेध मालकी हवी, मंजूर नकाशा हवा आणि कर्जदाराचा नियमित पगार हवा. शंभर वर्षांच्या घराला मंजूर नकाशा कोठून असणार? सामाईक सातबाऱ्याला निर्वेध कोण म्हणणार? आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक सुट्टीच्या महिन्यांत बँकेच्या दृष्टीने बेकारच. शेतजमिनीवरचे घर असल्यामुळे १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार खरेदीदार शेतकरी असणे आवश्यक होते. ती अट सासऱ्यांच्या जमिनीमुळे आम्ही कशीबशी पुरी करीत होतो. पण कर्ज नाही म्हणजे घर नाही. या साध्या गोष्टीचा अर्थ मात्र मोठा आहे. ज्या घरांवर कर्ज मिळत नाही ती घरे केवळ रोख पैसेवालाच घेऊ शकतो, आणि एवढी रोख रक्कम गावातल्या शिक्षकाकडे, परिचारिकेकडे किंवा मच्छीमाराकडे नसते. म्हणजे कागदपत्रांचा गोंधळ सर्वांना सारखा नडत नाही. तो ज्याला त्या घरात बारा महिने राहायचे आहे त्याला आधी बाजूला करतो, आणि ज्याला वर्षातून दहा दिवस यायचे आहे त्याला वाट मोकळी करून देतो.

यात किनारा नियमनाने आणखी एक गाठ मारली आहे. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आणला आणि ग्रामीण भागात पहिले दोनशे मीटर नव्या बांधकामास बंद केले. २०११ मध्ये ती अधिसूचना नव्याने आली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या भागांसाठी, ही मर्यादा पन्नास मीटरपर्यंत खाली आणली. इतरत्र दोनशे मीटर कायम राहिले. किनारा वाचवण्याचा हेतू योग्यच आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. परंतु बाजारावर त्याचा परिणाम असा झाला की नवे घर बांधता येत नसलेल्या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती मात्र आहे त्याच चौथऱ्यावर करता येते. त्यामुळे किंमत घराची राहिली नाही, चौथऱ्याची झाली. मध्यस्थ भिंतींकडे पाहतही नव्हता. “वरचं सगळं जाईल हो मॅडम, जोतं महत्त्वाचं,” असे तो आम्हांला आश्वासनाच्या सुरात सांगत होता. ज्या माजघरात आजोबांच्या आईने आठ बाळंतपणे काढली, ते ‘वरचं सगळं’ या दोन शब्दांत गेले.

येथे साहित्याकडे वळणे भाग आहे. कोकण म्हटले की आपल्या वाचकाच्या मनात माड, लाल माती, पाऊस आणि मिश्कील म्हातारे उभे राहतात. याला आपले अध्यापनही जबाबदार आहे. प्रादेशिक कादंबरीवरच्या उत्तरात विद्यार्थी ‘निसर्गाचे प्रत्ययकारी चित्रण’ हे वाक्य लिहितो, आपण त्याला गुण देतो. वास्तविक १९८७ साली आलेली ‘तुंबाडचे खोत’ ही पिढ्यान् पिढ्यांच्या सत्तेची आणि जमिनीची कादंबरी आहे. जगबुडी नदी तेथे शोभेसाठी वाहत नाही. खोती म्हणजे गावच्या महसुलाची मक्तेदारी. तिच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, आणि कायद्याने खोती संपली ती १९४९ च्या अधिनियमाने. कुळाचे घर खोताच्या जमिनीवर, घर एकाचे आणि माती दुसऱ्याची, ही रचना कायदा होताच पुसली जात नाही. आजही सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात तिच्या खुणा सापडतात. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या घरावरचे महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ शिकवताना आपण वाटणीविषयी बोलतो, कारण तेथे समुद्र नाही. कोकणच्या बाबतीत समुद्र आपले लक्ष वळवतो. जाहिरातीलाही तेच हवे असते.

खरेदीखताचा मसुदा मी आयुष्यात प्रथमच लक्षपूर्वक वाचला आणि भाषेची विद्यार्थिनी म्हणून चकित झाले. ‘यांसी चतुःसीमा’ असे म्हणून पूर्वेस अमुक यांचे घर, दक्षिणेस तमुक यांचा गडगा, पश्चिमेस पाणंद, असे घर शेजाऱ्यांच्या नावांनी ओळखले जाते. म्हणजे कायद्याच्या भाषेतही घराची ओळख शेजाराशिवाय पुरी होत नाही. पुढे ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’ ही पल्लेदार मालिका येते. गवताची काडीदेखील विकली जाते. पण घरापर्यंत जाणारी वाट? ती तिसऱ्याच्या परड्यातून जात होती आणि मसुद्यात तिचा उल्लेख नव्हता. मी आजोबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “घर इकूक येता, बाई. पण वाट? ती काय माझी एकट्याची आसा?” ही वाट वहिवाटीची. त्यांच्या घरातले लग्न, बाळंतीण, प्रेत सारे तिच्यावरून गेले, आणि शेजाऱ्याच्या घरचे पाणी यांच्या विहिरीवरून आले. देवघेव होती, लेखी काहीच नव्हते. नवा मालक विहिरीला कुलूप लावील त्या दिवशी शेजारी वाटेवर गडगा घालील, हे दोघांनाही ठाऊक होते.

आता दुसरी बाजू मांडली पाहिजे. कोकणची घरे बाहेरच्यांना विकू नयेत, असा सूर गावातल्या सभांत आणि साहित्यसंमेलनांतही निघतो. मला तो पटत नाही. १९९७ मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला. हे सारे आम्हांला हवेच होते. बंद घराची कौले दोन पावसाळे टिकत नाहीत. आजोबांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते आणि मुलगा मुंबईत भाड्याच्या खोलीत होता. त्यांनी घर विकू नये असे म्हणणे म्हणजे आपल्या स्मरणरंजनाचा खर्च त्यांच्यावर टाकणे होय. शिवाय मी स्वतः बाहेरचीच आहे. प्रश्न आत-बाहेरचा नाही. जो विकत घेतो तो शेजार, विहीर आणि वाट यांच्यासह घेतो की केवळ चौथरा घेतो, हा आहे.

काही उपाय अगदी हाताशी आहेत. गावठाणातल्या घरांचे ड्रोनने मोजमाप करून मिळकतपत्रिका देणारी ‘स्वामित्व’ योजना २०२० मध्ये सुरू झाली. पण कोकणातल्या वाड्या विखुरलेल्या, आणि पुष्कळ घरे गावठाणाच्या हद्दीबाहेर शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात आहेत. त्यांचे मोजमाप आणि वाटप झाल्याखेरीज तेथे राहणाऱ्याला कर्ज मिळणार नाही. वहिवाटीची वाट आणि सामाईक विहीर खरेदीखतात लिहून घेण्याचा आग्रह वकिलांनी आणि खरेदीदारांनी धरावा. आणि हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणीला तिच्या हिश्शाची किंमत आकड्यात सांगितली जावी.

ते घर आम्हांला मिळाले नाही. एका शहरातल्या गृहस्थांनी ते रोखीने घेतले. कौले उतरली आहेत, चौथरा शाबूत आहे. आम्ही तीन किलोमीटर आत, रस्त्याकडेच्या इमारतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

यंदा ‘तुंबाडचे खोत’ शिकवण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना आपापल्या घराचा सातबारा आणावयास सांगितले. अठ्ठावीस जणांनी आणला. ‘इतर अधिकार’ हा रकाना बहुतेकांनी प्रथमच वाचला. एका मुलीला तिच्या आत्याच्या नावाभोवती कंस दिसला. कंस म्हणजे नाव कमी झाले, हे मी तिला सांगितले. दुसऱ्या दिवशी ती फेरफाराचा उतारा घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, आत्याला मी काल फोन केला. कशावर सही केली ते तिला माहीत नव्हतं.” त्या तासाला कादंबरीचे पहिले प्रकरण झाले नाही.