गोळी चुकवू नकोस!

दोस्तांनो, हरिहरेश्वरहून दहावीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. ‘मला ऑटोइम्यून हेपॅटायटिस आहे. एनडीएत जायचंय. तपासणीआधी गोळ्या बंद केल्या तर चालेल?’

मुळीच नाही! या आजारात शरीराचे पहारेकरी आपल्याच यकृतावर तुटून पडतात. (हा संसर्गजन्य नाही हं, डबा खुशाल वाटून खा.) प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन ही औषधं त्यांना आवरतात. मनानेच थांबवलीस तर यकृत पुन्हा सुजेल. स्टेरॉइड एकदम तोडणं तर जिवावरही बेतू शकतं.

खरं सांगू? हा आजार असताना खडकवासल्याला प्रवेश मिळणं जवळजवळ अशक्यच. नोकरीत असताना आजार झाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वैद्यकीय श्रेणी खाली येते, पण झेपेल असं काम देता येतं. मुंबईत जन्मलेल्या इयान कार्डोझोंनी १९७१ च्या युद्धात पाय गमावला, तरी पुढे बटालियनचं नेतृत्व केलं! अर्थात, ते आधीपासूनच अधिकारी होते.

मग तुझं काय? पिनाका रॉकेट पुण्यात, पाषाणच्या प्रयोगशाळेत घडलं. तिथले शास्त्रज्ञ गणवेश घालत नाहीत. गणित कसं आहे रे तुझं? पुढच्या पत्रात कळव. आणि हो, आज रात्रीची गोळी घे.