कॅमेऱ्याचे तिकीट आणि कॅमेरा धरणारा हात

जानेवारीत धुके थोडे विरळ झाले की दिल्ली परिसरात राहणारी आम्ही काही मराठी मंडळी कॅमेरे घेऊन बाहेर पडतो. आमच्यात कोणीही व्यावसायिक छायाचित्रकार नाही. कोणी बँकेत आहे, कोणी शिक्षक, कोणी माझ्यासारखा सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेला. ठिकाणेही ठरलेली आहेत. गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान, तेथून परतताना फर्रुखनगरच्या बाजूची मोहरीची शेते, आणि दुसऱ्या एखाद्या रविवारी पानिपतचा काला अंब.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत आम्ही सकाळी सुलतानपूरला गेलो. प्रवेशपत्र घेतले, फलकावरील सूचना वाचल्या, आखलेल्या वाटेवरूनच चाललो. चक्रवाक, पट्टकादंब, चित्रबलाक यांची छायाचित्रे मिळाली. मन प्रसन्न होते. परतताना रस्त्यालगत फुललेली मोहरी दिसली आणि आमच्यातील सात-आठ जण सरळ शेतात शिरले. कोणी गुडघ्यावर बसले, कोणी मुलांना फुलांच्या मधोमध उभे केले. तेवढ्यात शेताचे मालक आले. एकाने त्यांना "ताऊजी, फक्त फोटो काढतो आहोत" असे समजावण्याचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे विचारले, "तलावाच्या फाटकावर तुम्ही तिकीट काढता, शिपायाचे ऐकता. माझ्या शेताला फाटक नाही, म्हणून ते कोणाचेच नाही का?"

त्यांनी मोडलेली रोपे दाखविली. एका किल्ल्यात, म्हणजे तिकडच्या भाषेत एका एकरात, नुकसान फार नव्हते. पण दर रविवारी अशी चार-पाच टोळकी येतात, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही क्षमा मागून बाहेर आलो. त्यांचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही, कारण तो प्रशासनाचाही प्रश्न आहे. आपले नियम कशावर लक्ष ठेवतात, कॅमेऱ्यावर की तो धरणाऱ्याच्या वर्तनावर?

याबाबतीत माझी स्वतःची एक चूक येथे नोंदविली पाहिजे. जिल्ह्यात काम करीत असताना एका तलावाच्या व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष होतो. उत्पन्न वाढावे म्हणून आम्ही शुल्काचा तक्ता केला. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला जास्त शुल्क, साध्या कॅमेऱ्याला कमी, मोबाईलला काहीच नाही. तक्ता सुटसुटीत होता आणि त्यावर सही करताना मला समाधानच वाटले होते. पुढे एकदा पूर्वसूचना न देता तेथे गेलो, तेव्हा काही तरुण उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून पाण्यात दगड मारीत होते. पहारेकऱ्याला विचारले तर तो म्हणाला, "तिकीट आहे, साहेब." त्याचे काहीच चुकले नव्हते. आम्ही त्याला तिकीट तपासायला शिकविले होते. दगडाबद्दल आमच्या आदेशात एक शब्दही नव्हता.

वस्तुतः कायदा आमच्या त्या तक्त्यापेक्षा कितीतरी शहाणा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाची परवानगी ज्या कारणांसाठी देता येते, त्यांत छायाचित्रण पहिल्यापासून आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला चित्रीकरणाची जोड दिली आणि अधिवासात बदल होऊ नये, अधिवासावर वा वन्यजीवांवर दुष्परिणाम होऊ नये, अशी अट घातली. त्याहून महत्त्वाचे आहे कलम २(१६). त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. ती केवळ मारण्यापुरती नाही. प्राण्याला हाकणे, त्याला आमिष दाखविणे, पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेही त्या व्याख्येत येते. घरट्यापुढची फांदी बाजूला करून पिल्लांचा फोटो घेणारा किंवा घुबडाला उंदराचे आमिष ठेवणारा हौशी छायाचित्रकार स्वतःला निसर्गप्रेमी समजत असतो. कायद्याच्या भाषेत तो शिकाऱ्याच्या पंक्तीला जाऊन बसलेला असतो. ही व्याख्या किती उद्यानांच्या फलकांवर साध्या शब्दांत लिहिलेली आढळते? 'कॅमेरा शुल्क' मात्र ठळक अक्षरांत असते.

स्मारकांच्या बाबतीतही आपण बरीच वर्षे उपकरणालाच आरोपी मानले. केंद्र-संरक्षित वास्तूंपैकी अनेक ठिकाणी छायाचित्रणावर बंदी असे. जुलै २०१८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती उठविली आणि ताजमहालाच्या मुख्य कबरीचा अंतर्भाग, अजिंठ्याची लेणी अशी मोजकी स्थळे वगळता छायाचित्रण खुले केल्याचे जाहीर केले. हा निर्णय योग्यच होता. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असताना बंदी म्हणजे पहारेकऱ्याला लाच देण्याचे निमंत्रण ठरते.

परंतु बंदी उठली म्हणजे जबाबदारी उठली असे नव्हे. पानिपतला काला अंब येथे विटांचा एक स्तंभ आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाची ती खूण. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला तेथे उभे राहिल्यावर काय वाटते, हे वेगळे सांगायला नको. त्याच स्तंभाला रेलून, कुंपणावर पाय ठेवून हसत फोटो काढून घेणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि त्यांत मराठी बोलणारीही होती. तेथे फोटो काढायला कोणाची हरकत नाही. पण त्या जागेला पार्श्वभूमीचा पडदा समजण्याला हरकत असली पाहिजे, आणि ती नियमाने नव्हे तर आपल्या सोबत आलेल्या माणसांनी घ्यावी लागते.

शेताची स्थिती मात्र या दोहोंपेक्षा वाईट आहे. तेथे ना फलक, ना पहारेकरी. फौजदारी अतिक्रमण सिद्ध होण्यासाठी गुन्हा करण्याचा वा मालकाला त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. छायाचित्रकाराचा असा हेतू नसतो. दिवाणी दावा लावायचा तर दहा-वीस रोपांसाठी कोण लावील? ज्याच्या मालमत्तेवर आपला छंद चालतो, त्याच्याच हाती काही उपाय नाही.

मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, शुल्क लेन्सच्या लांबीवर नव्हे, तर व्यावसायिक वापर आहे की नाही यावर आकारावे. दुसरी, फलकावर 'काय करू नये' हे क्रियापदांत लिहावे : दगड मारू नका, घरट्याजवळ जाऊ नका, पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. पहारेकऱ्याला तिकीट तपासण्याइतकेच हे थांबविण्याचे अधिकार आणि प्रशिक्षण द्यावे. तिसरी, शहरांजवळच्या ज्या गावांत हंगामात अशी गर्दी होते, तेथे ग्रामपंचायतीने शेतकऱ्यांच्या संमतीने एखादा बांध किंवा पट्टा फोटोंसाठी ठरवावा आणि त्याचे शुल्क त्या शेतकऱ्यालाच मिळावे.

हौशी मंडळींना दोष देऊन थांबणेही बरोबर होणार नाही. २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यांतील असंख्य जण तुमच्या-आमच्यासारखे रविवारी बाहेर पडणारे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत चालते, तीही मुख्यत्वे स्वयंसेवकांच्या बळावर. तारीख आणि ठिकाण नोंदविलेले छायाचित्र हे पाणथळ जागेवरील अतिक्रमणाचा पुरावाही होऊ शकते. शासनाला एवढे डोळे पगारावर ठेवता येणार नाहीत. म्हणूनच या छंदाला शिस्त हवी. घरट्याचे नेमके ठिकाण जाहीर न करणे, विचारल्याशिवाय शेतात न शिरणे, ज्याचा फोटो घेतला त्याला तो पोचविणे, एवढे तर आपल्याच हाती आहे.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्या शेतकऱ्याकडे पुन्हा गेलो. आदल्या वर्षी परवानगी घेऊन काढलेले त्यांचे व त्यांच्या नातवाचे फोटो छापून नेले होते. त्यांनी चहा दिला, आणि बांधावरून जाणारी वाट दाखविली. मोहरीत मात्र पाय ठेवू दिला नाही. ते योग्यच होते, आणि त्या बांधावरून निघालेले फोटोही काही वाईट आले नाहीत.