दम्याच्या नावाखाली हृदयाकडे डोळेझाक

‘जुनाच दमा आहे, धाप तर लागणारच.’ जांबे काय, मुळशी तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव काय, हे वाक्य इतकं सर्रास बोललं जातं की त्याला कुणी हटकत नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं : ‘लेकाच्या काळजीने धसका घेतलाय, बाकी काही नाही.’ दोन्ही वाक्यं धीर द्यायला म्हणून बोलली जातात आणि दोन्हींमुळे पेशंट दवाखान्यात उशिरा पोचतो. म्हणून ती खोडून काढायला हवीत.

आधी धसक्याचं बघू. 1990 साली हिरोशिमाच्या डॉ. हिकारु सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, तो आज ‘ताकोत्सुबो’ म्हणून ओळखला जातो. यात ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो, रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं. पण अँजिओग्राफीत त्याला कारण ठरेल असा ब्लॉकेज सापडत नाही. इकोच्या पडद्यावर हृदयाचा डावा कप्पा मुळाशी जोरजोरात आकसताना दिसतो आणि टोकाशी फुगून जवळजवळ निपचित पडलेला असतो. ॲड्रेनलिन आणि त्याच्या जातीच्या हार्मोन्सचा लोंढा त्या स्नायूला बधिर करतो, असं मानलं जातं. धसका मनाचा असेल. मार बसतो तो स्नायूला.

यावर कुणी म्हणेल, ‘मग हा दुःखाचा आजार झाला, फुफ्फुसांचा काय संबंध?’ संबंध आहे, आणि थेट आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदींत 1750 रुग्ण होते, त्यातल्या जवळपास 90 टक्के बायका. भावनिक धक्का 27.7 टक्क्यांत सापडला, शारीरिक कारण 36 टक्क्यांत; आणि त्या शारीरिक कारणांत श्वसन कोलमडणं ठळक होतं. गावात ज्याला सरसकट दमाच म्हणतात, त्या सीओपीडीचा ॲटॅक आलेल्या माणसाचा ऑक्सिजन उतरतो, श्वासासाठी सगळं अंग झगडतं, जीव घाबरा होतो. हार्मोन्सचा लोंढा यायला घरात कुणी दगावायलाच हवं असं नाही.

तिसरा आक्षेप जास्त फसवा आहे : ‘पंपानेच हृदय बिघडतं, तो बंद करा.’ तातडीच्या पंपातलं सॅल्ब्युटामॉल ॲड्रेनलिनच्याच वळणाचं काम करतं आणि त्याच्या अतिवापरानंतर ताकोत्सुबो झाल्याच्या नोंदी आहेत, हे खरं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. पंप सोडला की दम उसळतो आणि तो उसळलेला दमच हृदयावर ताण आणतो. रोजचा पंप सांगितल्याप्रमाणे, स्पेसर लावून घ्यायचाच. तातडीचा पंप मात्र पुन्हापुन्हा मारूनही उतार पडत नसेल, तर आणखी मारत बसू नये. तीच दवाखाना गाठायची वेळ.

‘अँजिओ स्वच्छ आलाय, म्हणजे काही झालंच नव्हतं’ हेही चूक. बहुतेकांचा स्नायू काही आठवड्यांत सावरतो. पण सुरुवातीच्या दिवसांत फुफ्फुसांत पाणी भरू शकतं, बीपी कोसळू शकतं, ठोके भरकटू शकतात. शारीरिक कारणाने झालेला ताकोत्सुबो भावनिकपेक्षा जड जातो. शिवाय हृदयाला जोर आणणारी काही नेहमीची इंजेक्शनं इथे अपाय करू शकतात. म्हणून निदान वेळेत व्हायला हवं.

आता करायचं काय? गावातल्या डॉक्टरांनी दमेकऱ्याला नेब्युलायझर देऊन घरी धाडण्याआधी एक ईसीजी काढावा. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल किंवा धाप नेहमीपेक्षा वेगळी असेल, तर ट्रोपोनिन आणि इकोची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावं. जांब्याहून औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम काही परमुलखात नाही.

आणि ‘आमच्या आईने कधी विडी ओढली नाही, तिला कसला सीओपीडी?’ असं म्हणणाऱ्यांसाठी : पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की जगातल्या सीओपीडी रुग्णांपैकी 25 ते 45 टक्क्यांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, चुलीचा धूर हे त्यामागचं मोठं कारण. आंघोळीच्या पाण्याला अजून लाकडंच पेटत असतील, तर दारात सिलिंडर आला एवढ्यावर धूर सुटला असं होत नाही.

तेव्हा घरातल्या दमेकरी बाईची धाप वाढली, तर आधी तिला विचारा : ‘छातीत दुखतंय का? ही धाप रोजचीच आहे का?’ उत्तराने मनात शंका आली, तर सकाळची वाट बघू नका. 108 लावा, आणि तिथल्या डॉक्टरांना ‘हिला दमा आहे’ एवढंच सांगून थांबू नका. ‘हिचं हृदयही बघा’ म्हणा.