धुरा खोटं बोलत नाही



रोवणी आटोपली, हात जरा मोकळे झाले. आज पिकाचं नाही, जमिनीचं लिहितो. थोडं कडू लागेल.

झुडपी जंगलाला लागून आमच्या दोन बांध्या आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर बाबांनी फोडल्या. तिथंच मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर. आजोबा-पणजोबा याच गावचे. वनहक्काचा दावा टाकला, तो परत आला. शेरा एकच: ७५ वर्षांचा पुरावा नाही. म्हणजे १९३० चा कागद आणा! तेव्हा इथं मालगुजारी होती. गरिबाच्या नावाचा कागद कोण लिहून ठेवणार होता बाप्पा?

परवा पोट्ट्यानं मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. अमेरिकेतलं नेब्रास्का, साल १८८७. शोअर्स नावाचं काळ्या लोकांचं कुटुंब, गुलामगिरीतून सुटलेलं, आणि मागं मातीचं घर. त्या माळावर लाकूड मिळत नव्हतं. म्हणून नांगरानं गवताच्या मुळांसकट मातीचे पट्टे कापायचे आणि विटांसारखे रचून भिंत उभी करायची. फोटो पाहिला आणि बाबांचं घर आठवलं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केलं होतं. म्हणजे ही माणसं आपल्याला परकी नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. तिथं १८६२ चा कायदा होता. १६० एकर जमीन घ्या, पाच वर्षं राहा, घर बांधा, कसा. शेवटी दोन शेजाऱ्यांची साक्ष, आणि मालकीचा कागद हातात. तो कायदा काही पुण्याचा नव्हता. जमीन तिथल्या मूळ आदिवासींकडून हिसकावलेली होती, हे विसरून चालणार नाही. पण पुरावा काय मागितला? घर, मशागत, शेजारी. बस.

आपला २००६ चा वनहक्क कायदा याहून वेगळं काय सांगतो? नियम १३ वाचा. घर, झोपडी, जमिनीचं सपाटीकरण, बांध हे पुरावे आहेत. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही पुरावा आहे. आणि ७५ वर्षं कशाची? आदिवासी नसलेल्यानं तीन पिढ्या जंगलाच्या आसऱ्यानं राहून पोट भरल्याची. तीच बांधी ७५ वर्षं कसली पाहिजे, असं कायद्यात कुठं लिहिलं आहे? जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र कालवून दावे फेटाळायचे, हा काय न्याय झाला?

दुसरी गंमत. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल म्हणजे वनच, असं सांगितलं. ठीक आहे. मग वन आहे तर वनहक्क कायदाही लागू करा ना. बांधायला गेलो की वन, आणि हक्क मागितला की नुसतं अतिक्रमण? दोन्हीकडून मार आम्हीच खायचा का?

काही जण म्हणतात, असे पट्टे दिले तर उद्या लोक सगळं जंगल फोडतील. मी त्यांना विचारतो, कायदा वाचला का? २००५ नंतरच्या ताब्याला हक्क नाही. चार हेक्टरच्या वर मिळत नाही. मिळालेली जमीन विकता येत नाही, पोराबाळांना जाते फक्त. नवरा-बायको दोघांच्या नावानं पट्टा होतो. यात जंगलबुडव्याची सोय कुठं आहे? उद्या कोणी नवं झाड तोडून बांधी काढली तर मी स्वतः त्याच्या विरोधात उभा राहीन. गोंड बांधवांचा हक्क आणि गावाचा निस्तार याला धक्का लागू नये, हेही माझंच म्हणणं आहे.

या पानावर कृषी विभागातले बरेच साहेब आहेत. तुम्हाला माझी हात जोडून विनंती. वर्षानुवर्षं चिखलणी केलेल्या बांधीत नांगराच्या तळाखाली कडक थर बसतो. हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. तो थर एका हंगामात होत नाही. धुऱ्यावरचं आंब्याचं झाड काल लावलेलं नसतं. मोका पाहणीला या, खड्डा खणा, दिसलं ते लिहून द्या. बसून "कागद आण" म्हणणं सोपं आहे, चिखलात उतरणं कठीण.

आणि शेतकरी भावांनो, दावा फेटाळला म्हणून घरी बसू नका. फेटाळल्याचं कारण लेखी मागा. साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे अपील करा. ग्रामसभेत म्हाताऱ्या माणसांची निवेदनं आत्ताच लिहून घ्या. आमच्या गावात बाबांच्या वयाचे दोनच जण उरले आहेत. ते गेले की साक्ष गेली.

मी अपील टाकलं आहे. पुराव्यात घराचा फोटो जोडला, धुऱ्याचा जोडला, दोन म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले. काय होते ते इथंच लिहीन.